निळ्या टिळ्याच्या शेळ्या

वुंपिनीने शेळीचे मागचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले आणि डेलाने तिचं तोंड उन्हाकडे वळवलं. दोन शिंगांच्या मधोमध अंगठ्याएवढा निळा टिळा होता.

"हिलापण?" वुंपिनीने विचारलं.

"हिलापण. बावन्नावी. लिही, निळी."

"अरे, आकडा हळू बोल. किती वेळा सांगू?"

"शेळीला कळतो होय आकडा?"

"शेळीला नाही, शेळीवाल्यांना कळतो."

तिने पाय सोडले. शेळीने जाता जाता डेलाच्या नडगीवर एक लाथ ठेवून दिली आणि कडुनिंबाखालच्या कळपात मिसळून गेली. वुंपिनीने वही उघडली. 'खूण असलेल्या' या रकान्यात बावन्न रेघा झाल्या होत्या. शेजारचा 'खूण नसलेल्या' हा रकाना सकाळी होता तितकाच कोरा होता.

आता गंमत अशी, की दोन आठवड्यांपूर्वी या दोघांनी टिळे लावले होते ते फक्त साठ शेळ्यांना. डेलाने तामालेच्या बाजारातून दाराखिडक्यांना लावायच्या निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला होता, आणि त्या साठ शेळ्या धरताना तीन सकाळी दोघांच्या नाकी नऊ आले होते. डेला व्होल्टा नदीकाठचा, मासे धरणाऱ्यांच्या घरातला. शेळी जवळ आली की तो आधी एक पाऊल मागे जायचा. असे साठ टिळे. आणि आज वुंपिनीने नुसती मान वळवून फुटबॉलच्या मैदानाकडे पाहिलं तर तिथेच शंभरावर शेळ्या चरत होत्या, आणि जी म्हणून तोंड इकडे करी तिच्या कपाळावर निळं दिसे.

"आपला रंग व्यायला वाटतं," डेला म्हणाला.

वुंपिनीला हसू आलं नाही. एरवी ती हसली असती.

खुणा करून अंदाज बांधायची ही रीत ती पहिल्या वर्षी शिकली होती, आणि तीही खिडकीबाहेर उभी राहून. सहाशे खुर्च्यांच्या सभागृहात गणिताच्या पहिल्या वर्षाची अकराशे पोरं. जो सहाला येईल त्याला खुर्ची, सातला येईल त्याला पायरी, आणि वुंपिनीसारखी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारी खिडकीत. त्या दिवशी डॉ. अझिंदो चवळीची पिशवी घेऊन आले होते. त्यांनी मूठभर चवळी काढली, दाण्यादाण्याला शाईचा ठिपका दिला, दाणे परत टाकून पिशवी हलवली आणि पुन्हा मूठ भरली. या मुठीत आठवा हिस्सा ठिपक्याचा निघाला, मग आपण ठिपके दिलेले दाणे सगळ्या पिशवीचा कितवा हिस्सा असतील? सभागृहात कोणी तोंड उघडलं नाही. खिडकीतून वुंपिनी ओरडली, "आठवा!" अकराशे माना वळल्या.

"ज्यांना खुर्ची मिळालीये त्यांना थोडी लाज वाटू द्या," सर म्हणाले होते.

त्या एका वाक्यावर तिने चार वर्षं काढली. सिद्धतांनी तिला रडवलं, मॅट्रिक्सनी झोप उडवली, एका पेपरात तर ती काठावर तरली. अकराशेतले कोणी बँकेच्या अभ्यासक्रमाला पळाले, कोणी शेतकीला, आणि चौथ्या वर्षी संख्याशास्त्राच्या वर्गात चाळीसच उरले. पण मूठभर दाण्यांवरून अख्ख्या पिशवीबद्दल बोलता येतं, याचा आनंद वुंपिनीला कधी शिळा झाला नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला सगळ्यांनी पाऊस, मलेरिया आणि कोकोचे भाव घेतले तेव्हा तिने शेळ्या घेतल्या. विद्यापीठाच्या आवारात रोज चरायला येणाऱ्या, कुंपणापलीकडच्या गावाच्या शेळ्या.

त्यांची संख्या कोणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होणारही नव्हती. या मुलखात 'तुझ्याकडे जनावरं किती' असं कोणी कोणाला विचारत नाही, आणि एखाद्या अडाण्याने विचारलंच तर उत्तर मिळत नाही. मोजलं की नजर लागते. वुंपिनीची आई कोंबडीची पिल्लंसुद्धा मोजत नसे. "आहेत, अल्लाच्या कृपेने," एवढंच म्हणे. डॉ. अझिंदो त्याच मातीतले. विषय ऐकून ते दाढी कुरवाळत म्हणाले, "विचारून जे कळत नाही त्याच्यासाठीच तर आपण आहोत. कर."

आणि आता हे. पकडलेल्या सगळ्याच शेळ्या खुणेच्या, म्हणजे सूत्राप्रमाणे साऱ्या गावात मिळून शेळ्या साठ. मैदानात शंभर उभ्या.

"मंगळवारी तोंडी परीक्षा आहे," वुंपिनी म्हणाली. "आज गुरुवार."

"हे बघ, मी एक सांगू?" डेला वही मागत म्हणाला. "बावन्नात तेरा खुणेच्या लिहू. म्हणजे चौथा हिस्सा. साठ चोक दोनशे चाळीस. किती गोड आकडा आहे! इथे कोण येणारे पडताळायला?"

"कोणीच नाही."

"मग?"

"म्हणूनच नको."

"तुझं हे असलं ना," डेला म्हणाला, "मला फार त्रासाचं आहे." पण त्याने पेन खिशात ठेवून दिलं.

त्याचं काही अडत नव्हतं. पदवीनंतर देशाची एक वर्षाची सेवा करावी लागते, ती त्याला आक्राच्या एका बँकेत मिळाल्यात जमा होती. वुंपिनीचं तसं नव्हतं. तिला ते वर्ष इथेच हवं होतं, विभागात, सहायक म्हणून, पहिल्या वर्षाचे सरावाचे तास घेत. विभाग दरवर्षी एकच सहायक ठेवून घेई. यंदा दोन नावं होती: तिचं, आणि पावसाच्या आकड्यांवर प्रकल्प केलेल्या कुमासीच्या एका मुलाचं. त्याचा प्रकल्प बांधणी होऊन, सोनेरी अक्षरं छापून तयार होता. हिची जागा गेली तर सरकारी यादी तिला कुठल्या तरी तालुक्याच्या कचेरीत अर्जांवर शिक्के मारायला धाडणार. ते सभागृह, ती खिडकी आणि त्यातली ती ताटकळलेली पोरं तिला हवी होती. इतकी हवी होती की त्याबद्दल ती घरीसुद्धा बोलली नव्हती.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"गावात. रंग व्यायला असेल तर बाळंतपण तिथेच झालंय."

कुंपणाला ज्या भगदाडातून शेळ्या येत त्याच भगदाडातून दोघं पलीकडे गेली. गावातल्या बायकांची म्होरकी असते, तिला मागाझिया म्हणतात. इथली मागाझिया सानातू म्हणून होती. आंब्याखाली पाच-सहा बायकांच्या मध्ये बसून ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. वुंपिनी तिच्यापुढे उकिडवी बसली आणि मान खाली घातली. डेलाला या भागाची भाषा अर्धीमुर्धी येई आणि रीत त्याहून कमी. तो उभाच राहिला, मग वुंपिनीने त्याची विजार ओढल्यावर धपकन बसला.

"दुपार कशी आहे?" मागाझियाने सुरुवात केली.

"बरी आहे."

"घरचे?"

"बरे आहेत."

"आईचा थकवा?"

"उतरलाय."

"आणि या खांबाच्या घरचे?"

"खांबाच्या घरचेही बरे आहेत," वुंपिनी म्हणाली. बायका हसल्या. सगळी विचारपूस संपल्याशिवाय कामाचं बोलायची सोय नव्हती, म्हणून ती धीर धरून एकेक उत्तर देत होती. देता देता तिचं लक्ष मागाझियाच्या हातांकडे गेलं. ते मनगटापर्यंत निळे होते. तिने शेजारणीचे हात पाहिले. तेही निळे. तिच्या शेजारणीचेही.

"मागाझिया, तुमचे हात..."

"नीळ आहे. कपड्याला घालतो ती. चार दिवस झाले, जात नाही मेली." मागाझियाने एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकला. "तुमच्यापायीच झालं सगळं."

"आमच्यापायी?"

"मग काय! तुम्ही दोघं तीन दिवस आमच्या शेळ्यांमागे ऊर फुटेस्तोवर धावत होता. आधी वाटलं, चोर आहेत. मग म्हटलं, इतकं वाईट धावणारे चोर कसे असतील? बघतो तर टिळा लावता नि सोडून देता. म्हटलं असेल बाई, शिकलेली माणसं आहेत."

"मग?"

"मग तुमचा तो पहारेकरी आला दोर घेऊन. मोकाट जनावरं जप्त करायची म्हणून कागद लागलाय ना गेटवर? ही रहमाताची शेळी धरली, ती फाटीची धरली. पण टिळ्याची दिसली की सोडून देई. आम्ही विचारलं, हिला का रे सोडतोस? तर म्हणतो कसा, ही विज्ञानवाल्यांची आहे, हिला हात लावला तर माझी नोकरी जाईल." मागाझिया बायकांकडे पाहून मान डोलवू लागली. "आता आम्ही शाळेत गेलो नाही, पण एवढं तर कळतं ना? घरात होती नव्हती ती नीळ काढली, पाण्यात कालवली, आणि एका सकाळी गावच्या झाडून सगळ्या शेळ्यांना टिळे लावून टाकले. यंदा ईदला पोरांचे झगे पिवळट दिसतील. दिसू देत. त्यानंतर शेळी तर एक गेली नाही!"

डेलाला अर्धंच कळलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. वुंपिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांचा अभ्यास, तीन सकाळची धावपळ, सगळं निळीच्या पाण्यात बुडालं होतं. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे तो पहारेकरी आला, हातात दोर, समोर शेळी, आणि विज्ञानाच्या धाकाने मागे सरकणारा. तिला हसू फुटलं. ती हसत हसत मातीत बसली, बायकाही हसायला लागल्या, आणि का हसतोय हे न विचारता डेलाही हसला.

"पण मागाझिया, एवढी नीळ!" डोळे पुसत ती म्हणाली. "सगळ्यांना लावलीत? आम्ही रंगवल्या होत्या त्यांनाही?"

"त्यांना कशाला? नीळ काय फुकट मिळते? तुमचा टिळा होता तिला बोटही लावलं नाही."

वुंपिनीचं हसणं थांबलं.

"एकीलाही नाही?"

"अगं, नाही म्हटलं ना. आम्ही काय उधळ्या बायका वाटलो?"

ती उठली. आंब्याला बांधलेल्या शेळीच्या कपाळावर तिने बोट घासलं. बोट निळं झालं. पलीकडे एक काळी शेळी पाल्याला तोंड लावत होती. तिच्या टिळ्यावर तिने दुसरं बोट घासलं, जोरात घासलं. बोट स्वच्छ राहिलं. तिने दोन्ही बोटं वर धरली आणि ती वळली.

"मागाझिया! नीळ हाताला लागते, ऑइलपेंट लागत नाही!"

"हे कळायला विद्यापीठात जावं लागतं?" मागाझिया म्हणाली.

पण वुंपिनी आता कोणाचं ऐकत नव्हती. ती डेलाला त्याच्या भाषेत, आपल्या भाषेत, इंग्रजीत, मिळेल त्या भाषेत समजावत होती की त्यांचे साठ अजून साठच आहेत, की शनिवारी पुन्हा शेळ्या धरायच्या, दर टिळ्यावर रुमाल घासायचा, आणि झालं. नुसतं झालं!

"पोरी," मागाझियाने हाक मारली. आवाज बदलला होता. "एक सांग. हे सगळं तुम्ही कशासाठी करताय?"

शेंगा सोलणारे हात थांबले. वुंपिनी खोटं बोलली असती तर निभावलं असतं. रोगराईचं काही तरी सांगता आलं असतं. ती पुन्हा उकिडवी बसली.

"किती आहेत ते बघायला," ती म्हणाली.

एका बाईने आपली शेंगांची टोपली जवळ ओढून घेतली.

"म्हणजे मोजायला."

"मोजायला नाही, मागाझिया. मोजायचं असतं तर तुमच्या दारात यायची माझी हिंमत झाली नसती. माझीपण आई आहे, मला कळतं. आम्ही अंदाज बांधतो. आणि त्यातही एक आकडा आम्ही छातीठोकपणे सांगतच नाही. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असं सांगतो."

"म्हणजे नक्की किती ते तुम्हालाही कळत नाही?"

"नाही."

"चार वर्षं शिकून?"

"चार वर्षं शिकून."

मागाझियाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिच्या तोंडाभोवतीच्या सुरकुत्या एकेक करून हलल्या.

"मग चालेल," ती म्हणाली. "त्याला कोणाची नजर लागायची! इतक्यापासून इतक्यापर्यंत. हे बरंय गं. आमच्या जावयाला विचारलं घरी कधी येणार, तर तोही असंच सांगतो." टोपली परत जागेवर गेली. "शनिवारी मी एक हाक मारते, सगळ्या शेळ्या एका जागी आणून उभ्या करते. धावू नका तुम्ही. बघवत नाही."

"नको, नको!" वुंपिनी घाईने म्हणाली. "तुमच्या हाकेला ज्या येतील त्या धीट. लाजऱ्या मागे राहतील. आम्हाला नशिबाने हाती लागतील त्याच हव्यात."

"म्हणजे धावणारच?"

"धावणारच."

"अल्ला तुमचं भलं करो," मागाझिया म्हणाली आणि डेलाच्या लांब पायांकडे कीव आल्यासारखी पाहत राहिली.

शनिवारी ते धावले. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, नाकातोंडात लाल धूळ जात होती, आणि कुंपणाच्या भगदाडाशी गावच्या बायका तमाशा पाहायला ओळीने बसल्या होत्या. डेलाने आपला पांढरा रुमाल आणला होता. वुंपिनी शेळी धरी, तो टिळ्यावर रुमाल घासून निकाल सांगे. "लागली!" म्हणजे बायकांची. "नाही लागली!" म्हणजे त्यांची. दर 'नाही लागली'ला वुंपिनी जागच्या जागी एक उडी मारी. बायकांना कारण कळत नव्हतं, पण चौथ्या-पाचव्या वेळेपासून त्याही टाळ्या पिटू लागल्या. पुन्हा बावन्न झाल्या तेव्हा दोघं थांबली. रुमालाचं मातेरं झालं होतं. रुमालाला न लागलेले टिळे निघाले पंधरा.

साठ गुणिले बावन्न, भागिले पंधरा. वुंपिनीने ते मैदानातच, गुडघ्यावर वही ठेवून केलं. मग पुन्हा केलं. उत्तर वाचून तिने वही छातीशी धरली. आकडा बरोबर की चूक हे तिला कळायला मार्ग नव्हता, पण तो तिचा होता.

रविवार-सोमवार लिहिण्यात गेले. डेला म्हणत होता, निळीची भानगड गाळू या, परीक्षक हसतील. वुंपिनीने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं: पहिला फसलेला गुरुवार, पहारेकरी, बायका, रुमाल. मंगळवारी सकाळी त्या प्रकरणावर बोट ठेवूनच ओडुरो मॅडम बसल्या होत्या. त्या केप कोस्टहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक, आणि आवाज असा की प्रश्न विचारला तरी दंड ठोठावल्यासारखा वाटे. डॉ. अझिंदो शेजारी, हातमागाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यात, काहीच ठाऊक नसल्यासारखे.

"गुरुवारचे आकडे तुम्ही फेकून का दिले नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ते घडले होते."

"हं. आणि तुमचा अंदाज? किती शेळ्या?"

बाविसाव्या वर्षी, चार वर्षं संख्याशास्त्र शिकून, परीक्षकापुढे उभं राहून, दुसऱ्याच्या शेळ्यांचा आकडा उच्चारायला वुंपिनीची जीभ रेटेना. तिने डॉ. अझिंदोंकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"फळ्यावर लिहिलं तरी चालेल," ते बाहेर पाहतच म्हणाले.

तिने खडू घेतला आणि लिहिलं: २०८. खाली लिहिलं: १३१ ते २८५. ओडुरो मॅडमनी चष्मा वर केला.

"फारच रुंद आहे हे."

"शेळ्या पळतात, मॅडम," डेला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण मॅडम हसल्या, आणि एकदा हसल्यावर त्यांना थांबता येईना. रुमालाचं पान काढून त्यांनी ते डॉ. अझिंदोंना पुन्हा वाचून दाखवलं, जणू ते त्यांनी वाचलंच नव्हतं.

"बायका भेटल्या नसत्या," सरांनी शेवटी विचारलं, "तर गुरुवारच्या आकड्यांवरून काय लिहिलं असतंस?"

"साठ लिहावं लागलं असतं, सर. आणि खाली लिहिलं असतं, की हे खोटं आहे, का ते मला माहीत नाही."

डेला छताकडे पाहू लागला. डॉ. अझिंदोंनी फाइल मिटली, वर पेन ठेवलं, ते नीट सरळ केलं.

"पहिल्या वर्षाचे सरावाचे तास सकाळी साडेसातला असतात," ते म्हणाले. "सहायकाने उशिरा आलेलं मला चालत नाही. शहराच्या त्या टोकाहून येणं जमेल का, घरी विचारून सांग."

जमेल, असं वुंपिनी म्हणाली. निदान तिला तसं वाटलं. डेलाच्या म्हणण्याप्रमाणे ती नुसतीच किंचाळली.

दुपारी दोघं गावात गेली. वुंपिनीच्या हातात ऑइलपेंटचा डबा होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. विचारपूस झाली. खांबाच्या घरचेही बरे निघाले. तिने डबा मागाझियापुढे ठेवला.

"नीळ पहिल्या पावसात धुऊन जाईल," ती म्हणाली. "हा जात नाही."

मागाझियाने झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि डबा आपल्या मागे सरकवला. बायकांना तिने फक्त भुवया उडवून दाखवल्या.

"मग? झालं तुमचं इतक्यापासून इतक्यापर्यंत?"

"झालं. मला विद्यापीठातच ठेवून घेणार आहेत."

बायकांनी एकदम आरोळी दिली. कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोणी डेलाचा खांदा बडवला. गलका ओसरल्यावर मागाझिया शेंगांच्या टोपलीत काही तरी शोधू लागली.

"आणि मधला?" तिने टोपलीतच पाहत विचारलं.

वुंपिनीने काडी घेतली आणि लाल धुळीत मधला आकडा काढला: २०८. मागाझियाला अक्षरं येत नव्हती, पण तिचा सारा जन्म बाजारात गेला होता. आकडे तिला कोणी शिकवायला नको होते. ती खाली पाहत राहिली. वुंपिनी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते तोंड दगडाचं असतं तरी त्यावर जास्त वाचता आलं असतं. मग मागाझियाने पाय पुढे केला, धूळ सारखी केली आणि आतून बाजरीच्या पेजेचे दोन वाडगे मागवले.

पेज थंड होती, आल्याची चव होती. वुंपिनीने ती पिता पिता स्वतःची समजूत घातली. उत्तराची आशा धरण्यात अर्थ नव्हता. एवढ्यासाठीच तर अंदाज बांधायचा असतो. पिशवी उलटी करून बघायला मिळत नाही म्हणून. तिने वाडगा परत दिला, निरोप घेतला, डेलाला उठवलं. दोघं भगदाडापर्यंत पोचली होती तेव्हा मागून हाक आली.

"अगं ए शिकलेली!"

वुंपिनी वळली. मागाझिया आंब्याखालून उठलीही नव्हती. एका हाताने शेंगा सोलत, दुसरा निळा हात हवेत हलवत ती ओरडत होती.

"आमच्या लंगडीला रविवारी पहाटे जुळं झालं! वहीत दोन वाढव!"

आणि ती पुन्हा टोपलीत पाहू लागली. वुंपिनी तिथेच उभी राहिली. मग तिने दोन्ही हात तोंडावर दाबले, आणि त्यातूनही आवाज निघालाच.

"काय झालं?" डेला घाबरून म्हणाला. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या," वुंपिनीने सांगितलं, "शनिवारपर्यंत बरोबर होतं."